शोधणाऱ्याच्या बाजूनं : अहमदपूरची टिपणं

'अहमदपूर रेल्वे स्टेशन' असं गूगलला टाकलं, की पश्चिम बंगालातल्या बीरभूम जिल्ह्याचं स्टेशन समोर येतं. पाकिस्तानात बहावलपूरकडे एक अहमदपूर आहे. दीवच्या शेजारी अहमदपूर-मांडवीचा समुद्रकिनारा आहे. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरला रेल्वेच नाही, म्हणून यंत्र जे सापडेल ते पुढं करतं. खरं उत्तर दोन ओळींचं आहे : इथं स्टेशन नाही, चाकूर तालुक्यातल्या लातूर रोडला किंवा उदगीरला उतरा आणि पुढं एसटीनं या. हे पान कुणी लिहिलेलं नसतं. 'नाही' या उत्तरात विकण्यासारखं काही नाही ना! पण बाहेरगावहून लग्नाला येणाऱ्या पाहुण्याला नेमकं तेच हवं असतं.

*

गावातल्या दुकानांचा, क्लासचा, वसतिगृहांचा वेबसाईटवरचा मजकूर मी लिहून देतो. नवं गिऱ्हाईक पहिल्याच बैठकीत सांगतं, "गूगलला टाकलं की पहिलं आपलंच नाव आलं पाहिजे बघा." मी विचारतो, "काय टाकल्यावर?"

आडतवाले शेठ म्हणतात, "आडत दुकान अहमदपूर." हे शब्द टाकणार कोण? ज्याला आडत ठाऊक आहे तो सरळ मोंढ्यात येतो. ज्याच्या घरात माल पडून आहे तो टाकतो 'आजचा सोयाबीन भाव'. वसतिगृहवाल्यांना 'सर्व सोयींनी युक्त, घरगुती वातावरण' असं लिहून हवं असतं. पालक विचारतात, मेस धरून महिन्याचे किती?

दुकानदार स्वतःचं नाव शोधतो, गिऱ्हाईक स्वतःची अडचण शोधतं. माझं निम्मं काम एवढंच, की शेठला थोडा वेळ गिऱ्हाइकाच्या जागी बसवायचं.

*

पान कसं असावं, हे मोंढ्यातल्या भावफलकाकडून शिकावं. वर तारीख, खाली माल, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरही हेच रकाने आहेत. फलकावर कुणी 'सोयाबीन हे एक महत्त्वाचे तेलबिया पीक असून…' अशी सुरुवात करत नाही.

वेबसाईटवर मात्र सगळे तिथूनच सुरू करतात. लातूरचा भाव बघायला आलेल्या माणसाला आधी सोयाबीनचं मूळ चीनमध्ये असल्याचं ऐकावं लागतं.

*

माणसं बोलतात मराठी, वाचतात देवनागरी, आणि शोधताना टाकतात रोमन. 'सातबारा कसा काढावा' हे इंग्रजी अक्षरांत पाच-सहा तऱ्हांनी लिहिलं जातं. कुणी शेवटी एक 'ए' लावतं, कुणी दोन. 'लाडकी बहीण' योजनेच्या सरकारी पत्त्यात 'लाडकी'मधल्या 'ड' नंतर जादा 'ए' आहे. लोक तो टाकत नाहीत.

म्हणून पान रोमनमध्ये लिहावं का? नको. वाचणाऱ्याचा जीव जातो. शीर्षक आणि मजकूर देवनागरीतच ठेवावा, पत्ता रोमन अक्षरांत द्यावा, आणि सगळ्यांत जास्त चालणारं रोमन रूप एखाद्या उपशीर्षकात किंवा चित्राच्या ओळीत सहज येऊ द्यावं.

पत्त्याचं वेगळं कारण आहे. देवनागरी पत्ता दिसतो छान, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की एकेका अक्षरचिन्हाची नऊ-नऊ चिन्हं होतात. 'अहमदपूर' या सात चिन्हांच्या नावाचं त्रेसष्ट चिन्हांचं जंगल. ते बघून माणूस म्हणतो, व्हायरस दिसतोय, नको दाबायला. '.भारत' हे देवनागरी डोमेन २०१४पासून मिळतं, पण आमच्याकडच्या पाट्यांवर अजून दिसत नाही. तेही यामुळंच असावं.

*

बोलून शोधणारे वाढलेत. ऑगस्ट २०१७मध्ये गूगलनं बोलून टाईप करण्याच्या सोयीत मराठी घेतली. तेव्हापासून ज्यांनी आयुष्यात कीबोर्डला हात लावला नाही तेही फोनला विचारतात, "आज सोयाबीनला काय भाव हाय?" टाईप करणारा दोन शब्दांत भागवतो, बोलणारा सबंध वाक्य बोलतो. त्यामुळं उपशीर्षक 'सोयाबीन दर माहिती' असं न देता 'आज सोयाबीनला काय भाव आहे?' असं द्यावं आणि लगेच खालच्या ओळीत आकडा टाकावा.

*

कीवर्ड मोजणारी साधनं इंग्रजीच्या सवयीनं बनली आहेत. शब्द जसाच्या तसा इतक्या वेळा आला की हिरवा दिवा. मराठीत शब्द जसाच्या तसा राहतो कुठं? अहमदपूरला, अहमदपूरचा, अहमदपुरात, अहमदपूरकर. हिरव्या दिव्याच्या नादानं लोक 'अहमदपूर मध्ये', 'अहमदपूर चे' असे तुकडे पाडून लिहितात आणि वाचताना दर दोन शब्दांना खडा लागतो.

याची आता गरज उरलेली नाही. वाक्याचा अर्थ लावणारी बर्ट ही पद्धत गूगलनं ऑक्टोबर २०१९मध्ये इंग्रजीसाठी आणली. डिसेंबरात ती सत्तरहून अधिक भाषांना लागू झाली, त्यांत मराठी होती. यंत्र प्रत्यय ओळखायला शिकलं, आपण मात्र ते तोडायला शिकलो.

*

'शेतकऱ्यांसाठी' हा आमच्या कामातला सगळ्यांत जास्त लागणारा शब्द, आणि संगणकात तो किमान तीन प्रकारे साठवला जातो. 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन एक. 'र'ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून दुसरा. तिसरा चुकीचा, रफार डोक्यावर चढवून : 'शेतकर्यांसाठी'. पहिले दोन पडद्यावर अगदी सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी अक्षरांची माळ वेगळी. एका वेबसाईटवर एकच रूप ठेवावं. हे काम कुणाला दिसत नाही आणि त्याचे पैसेही कुणी देत नाही.

*

युनिकोडच्या आधीचं लिखाण ही मोठी अडगळ आहे. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी असे फॉन्ट म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि वर मराठी सोंग. डीटीपीच्या दुकानात, छपाईच्या कागदावर ते छान उमटतं. तेच वेबसाईटवर चिकटवलं, की शोधयंत्राला फक्त आतली इंग्रजी बडबड दिसते. गावोगावच्या साप्ताहिकांचे, दिवाळी अंकांचे, महाविद्यालयांच्या स्मरणिकांचे गठ्ठे असेच पेजमेकरच्या फायलींत पडून आहेत. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात, पण रफार आणि पहिली वेलांटी त्यांत घसरते, म्हणून एकदा डोळ्यांखालून घालावंच लागतं.

गावाचा इतिहास शोधला की तीच चार वाक्यं प्रत्येक पानावर सापडतात. बाकीचं सगळं या गठ्ठ्यांत आहे. ज्याला गूगलवर खरोखर वर यायचंय त्यानं नवं काही लिहिण्याआधी एक गठ्ठा सोडवावा.

*

गावांची नावं आणि जिल्हे बदलतात, शोधणाऱ्यांची सवय बदलत नाही. उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. पानात दोन्ही नावं हवीत : चालू नाव शीर्षकात, जुनं पहिल्या परिच्छेदात.

अहमदपूरची गोष्ट आणखी गुंत्याची आहे. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ला. त्याआधी अहमदपूर उस्मानाबादेत होतं. आणि त्याच्याही आधी, १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत, अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होते. २ सप्टेंबर २०२५ला मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटबाबतचा शासन निर्णय निघाला आणि घराघरांतून कुणबी नोंदी शोधणं सुरू झालं. आता इथला माणूस पणजोबाची नोंद 'लातूर जिल्हा' म्हणून शोधत बसला तर निजामाच्या काळातल्या कागदात ती कशी सापडेल? बिदर म्हणून शोधायला हवं, आणि कागद उर्दूत किंवा मोडीत असण्याची तयारी ठेवायला हवी.

मुंबई-पुण्यात बसून 'कुणबी नोंद कशी शोधावी' लिहिणाऱ्याला ही ओळ सुचणार नाही. ती लिहायला इथलंच असावं लागतं.

*

'लाडकी बहीण पुढचा हप्ता कधी?' हा प्रश्न दर महिन्याला नव्यानं उगवतो. योजना २०२४च्या जूनअखेरीस आली, महिना दीड हजार. त्यावरची पानं बघावीत. आधी योजनेची ओळख, मग पात्रता, मग कागदपत्रं, मध्ये चार जाहिराती, आणि तळाशी 'हप्ता लवकरच जमा होण्याची शक्यता आहे'. म्हणजे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही.

यामागं साधं अर्थकारण आहे. गूगलच्या ॲडसेन्सनं सप्टेंबर २०१८मध्ये मराठी स्वीकारली आणि मराठी पानावर जाहिरातीचे पैसे मिळू लागले. पान जितकं लांब तितक्या जाहिराती बसतात, म्हणून उत्तर तळाशी जातं. बाई बिचारी बोट घासत खाली जाते.

तारीख जाहीर झालेली नसेल तर पहिल्या ओळीत तसं लिहावं. ज्या दिवशी जाहीर होईल त्या दिवशी तेच पान बदलावं. दर महिन्याला नवं पान काढू नये, जुनी पानं नव्याच्याच वाटेत आडवी पडतात.

*

तारीख नसलेलं पान शेतकऱ्याचं नुकसान करतं. खरीप २०२३पासून एक रुपयात पीक विमा होता. २०२५च्या खरिपापासून तो बंद झाला, आता खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के भरावे लागतात. 'फक्त एका रुपयात विमा, आजच अर्ज करा' अशी पानं मात्र अजून उभी आहेत.

हमीभावाचंही तेच. सोयाबीन २०२३-२४ला ४,६०० रुपये, २०२४-२५ला ४,८९२, २०२५-२६ला ५,३२८. नुसतं 'सोयाबीन हमीभाव ४,६००' असं लिहिलेलं पान त्या वर्षी खरं होतं, पण आज ते वाचून कुणी ४,६००ला माल सोडला तर?

आकड्याच्या शेजारी हंगाम लिहायचा. शासन निर्णय सांगितला तर त्याचा अठरा अंकी संकेतांक द्यायचा. त्याचे पहिले आठ अंक तारखेचे असतात, वाचणारा स्वतः पडताळू शकतो. आणि वरची 'अद्ययावत' तारीख नुसती बदलून आतला मजकूर तसाच ठेवायचा नाही. हे करणारे पुष्कळ आहेत.

*

गूगलचा इतिहास म्हणजे एका बाजूनं लबाडीचाही इतिहास. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी ज्या पानाकडे जास्त आणि वजनदार पानं बोट दाखवतात ते वर, असा हिशेब मांडला. लगेच लिंकांचा बाजार भरला. २०११मध्ये गूगलच्या हिशेबात पांडा नावाचा बदल आला, पोकळ मजकूर खाली गेला. २०१२मध्ये पेंग्विननं विकतच्या लिंकांना धरलं. पानाच्या पोटात लपवलेली कीवर्डची यादी आम्ही बघत नाही, हे गूगलनं २००९मध्येच उघड सांगितलं होतं. आमच्याकडे वेबसाईट बनवून देणारे ती यादी अजून भरून देतात, आणि बिलात वेगळी ओळ लावतात.

*

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत : किनगाव, शिरूर ताजबंद, हाडोळती, अंधोरी, आणि पुढं निम्मा तालुका. "सगळ्या गावांतून लोक येतील ना सर." नाही येत. नावांची अशी माळ लावणं गूगलच्या नियमांत सरळ स्पॅममध्ये मोडतं. गावाचं नाव फक्त बदलून तेच पान वीस वेळा टाकणंही तसंच.

किनगावचा उल्लेख करायचा तर किनगावला गाडी कोणत्या वारी जाते, माल घरून उचलता का, भाडं कुणाकडे, हे लिहा. मग ते नाव तिथं शोभतं.

*

पुष्कळ दुकानांना वेबसाईट नकोच असते. पंक्चरवाला, दवाखाना, खताचं दुकान यांना हवी असते नकाशावरची नोंद. तिथं गूगल तीन गोष्टी बघतं : जे मागितलं त्याच्याशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक. यातलं अंतर लिहून बदलत नाही. बदलतं ते वेळापत्रक, फोन नंबर, दुकानाचा समोरून काढलेला फोटो आणि सुट्टीचा वार. ही नोंद फुकट आहे. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की माझं एक काम जातं, पण पुढची तीन त्याच्याच ओळखीनं येतात.

*

लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईत तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला १९७६ला. त्यातली कुठलीही नोंद काढावी : आधी विषयाचं नाव, लगेच व्याख्या, मग तपशील, शेवटी लिहिणाऱ्याचं नाव. आज उत्तर वर, चौकटीत बसेल असं लिहा म्हणून जे शिकवतात, ते कोशकारांनी शोधयंत्राच्या कितीतरी आधी केलं होतं. त्यांनाही ठाऊक होतं, की वाचणारा पहिल्या पानापासून येत नाही, मधूनच येतो आणि घाईत असतो.

आणि शेवटचं ते नाव! गूगलनं पानांचा दर्जा जोखणाऱ्यांसाठीच्या सूचनांत डिसेंबर २०२२मध्ये 'अनुभव' ही कसोटी वाढवली. लिहिणाऱ्यानं ती गोष्ट स्वतः केली आहे का, हे बघायचं. मराठी योजना-पानांवर लिहिणाऱ्याचं नाव शोधून सापडत नाही. बहुतेक ठिकाणी 'ॲडमिन' लिहिलेलं असतं. विम्याचं पान ज्यानं स्वतः अर्ज भरलाय, त्याच्या नावानं यावं.

*

हंगामाचं कॅलेंडर भिंतीवर लावलंय. दहावी-बारावीचा निकाल मे. प्रवेश, वसतिगृह जून. पीक विमा जुलै. सोयाबीनचा भाव ऑक्टोबर-नोव्हेंबर. तूर जानेवारीपासून.

पान हंगामाच्या आधी दीड-दोन महिने तयार हवं, यंत्राला ते सापडायला आणि जोखायला वेळ लागतो. निकालाच्या दिवशी 'लातूर पॅटर्न क्लासेस'चं पान टाकणं म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणं.

*

आता एआय. एका संध्याकाळी शंभर पानं निघतात, शुद्धलेखनासकट. मार्च २०२४मध्ये गूगलनं असा घाऊक मजकूर स्पॅम ठरवला. माणसानं लिहिलेला असो की यंत्रानं, वर येण्यापुरता ढीग लावला तर कारवाई. तिकडे गूगल स्वतःच उत्तर लिहून वर ठेवू लागलंय. भारतात ऑगस्ट २०२४पासून इंग्रजी-हिंदीत ते दिसू लागलं. वरच उत्तर मिळालं तर खाली कोण उतरेल?

गिऱ्हाइकं विचारतात, मग तुमचं काम संपलं का? 'हमीभाव म्हणजे काय' हे लिहिण्याचं संपलं, ते कुणीही सांगेल. पण आज मोंढ्यात ओलावा किती टक्क्यांच्या वर गेला की माल परत करतायत, बारदाना मिळतोय का, खरेदी केंद्राची रांग कुठवर आहे, हे कुणीतरी जाऊन बघितल्याशिवाय कुठल्याही यंत्राला कळणार नाही. ते आधी लिहिलं तर यंत्रही आपल्याकडूनच घेणार.

*

"पहिल्या नंबरची गॅरंटी" असं म्हणत फोन येतात, पुण्याहून, नोएडाहून. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनं स्वतः लिहून ठेवलंय. मी गिऱ्हाइकांना ते पान छापून देतो.

*

गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे आणि जवळजवळ कुणी उघडत नाही. आपल्या पानापर्यंत लोक काय टाकून आले, याची सोळा महिन्यांची यादी तिथं असते. त्यातल्या ज्या प्रश्नांना पान दिसलं पण कुणी दाबलं नाही, ते आधी बघावेत. तिथं लोक काही मागत होते आणि आपण भलतंच मांडलं होतं.

*

लिहायची राहिलेली पानं :

अहमदपूर आगारातून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा. स्थानकावर जाऊन, विचारून, वर तारीख टाकून.

डिजिटल सहीचा सातबारा. १ मे २०१८पासून मिळतो, पंधरा रुपये. सर्व्हर बंद असेल तेव्हा काय करायचं, हेही त्यातच.

ई-पीक पाहणीत फोटो स्वीकारला जात नसेल तर. शेतात उभं राहून, स्वतःच्या फोनवर करून बघितल्यावरच लिहायचं.

'कुणबी नोंद अहमदपूर' : बिदर, उस्मानाबाद, लातूर, तिन्ही नावं घालून.

तूर २०२५-२६, हमीभाव ८,००० रुपये. पुढच्या हंगामाचा जाहीर झाला की त्याच दिवशी दुरुस्ती, याच पानावर.